चालू कारखान्यात सांडपाण्याची जुनी लाईन कशी बदलायची : नाशिकच्या नव्या मेंटेनन्सवाल्यांसाठी

समजा, सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या कारखान्यात तुम्ही नुकतेच लागला आहात. डिप्लोमा झालाय, युटिलिटीचं काम हातात आलंय. एक दिवस साहेब बोलावून सांगतात, "प्लेटिंग शॉपपासून ईटीपीपर्यंतची लाईन गळतेय. बदलून घ्या. पण प्रॉडक्शन थांबायला नको." (प्लेटिंग शॉप म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा विभाग, आणि ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा.) त्या दिवशी कामाला यावं म्हणून हे लिहितोय.

पाइप टाकणारे कारागीर नाशकात भरपूर मिळतात. तुमच्या कारखान्यातलं पाणी कुठून येतं, किती वाजता येतं आणि चार तास अडवलं तर कुठे साठवायचं, हे सांगणारं मात्र बाहेरून कोणी येत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं, आणि त्यात खोदाईपेक्षा जास्त दिवस जातात. जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात कुदळ मारली नाही म्हणून कोणी घाई करत असेल, तर मोजमापाची वही दाखवा.

घाई का नको? आपल्या आवारातलं पावसाचं गटार बाहेरच्या नाल्याला मिळतं. सातपूर-अंबडच्या भागातले नाले नासर्डीला, म्हणजे आताच्या नंदिनीला मिळतात आणि नंदिनी गोदावरीला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लोक ज्या पाण्यात डोकं बुडवतात त्याच्या वरच्या अंगाला आपण काम करतोय. माझ्यासाठी हे एवढं कारण पुरेसं आहे.

आधी लाईन ओळखा

जुनं ड्रॉइंग मिळालं तर घ्या, पण त्यावर विसंबू नका. वीस-पंचवीस वर्षांत कारखाना वाढतो, कोणीतरी नवं मशीन बसवतं आणि त्याचं पाणी सगळ्यात जवळच्या चेंबरला जोडून मोकळं होतं. ड्रॉइंगवर ते कधीच येत नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. एका कारखान्यात आम्ही ड्रॉइंग बघून सगळ्या जोडण्या नव्या लाईनवर घेतल्या आणि जुन्या लाईनला बूच मारलं. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टमध्ये टूल रूमच्या फरशीवर पाणी आलं. तिथल्या एका बेसिनची आणि कूलंटच्या ट्रेची जोडणी कुणाच्याच लक्षात नव्हती. पाणी जिन्याखालच्या पॅनलपर्यंत जाऊन थांबलं. आणखी चार इंच चढलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

म्हणून रंग टाकून बघा. फ्लोरेसिनची पूड मिळते, पाणी हिरवं करते, चिमूटभर पुरते. प्रत्येक बेसिन, प्रत्येक फ्लोअर ड्रेन, प्रत्येक मशीनच्या ड्रेनमध्ये एकेक करून रंग सोडा आणि दुसरा माणूस चेंबरवर उभा करा. रंग कोणत्या चेंबरला आला, किती मिनिटांनी आला, हे वहीत लिहा. कुठेच आला नाही तर समजा की पाणी जमिनीत जातंय किंवा पावसाच्या गटारात, आणि ही गोष्ट त्याच दिवशी साहेबांच्या कानावर घाला. या कामात जुन्या हेल्परला आणि हाउसकीपिंगच्या मावशींना सोबत घ्या. कोणतं गटार कधी तुंबतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

सोबत प्रत्येक चेंबरची खोली मोजा. झाकणापासून पाइपच्या तळापर्यंत. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, मिळाली तर उत्तम, नाहीतर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची पाणसळ चालते. हे आकडे ढाळ ठरवताना लागणार आहेत.

पाणी मोजा

ईटीपीच्या लॉगबुकात रोजचा आकडा असतो. धरून चालू की तो ६० घनमीटर आहे. सरासरी काढली तर ताशी अडीच घनमीटर. पण पाणी सरासरीने येत नाही. शिफ्ट सुटताना फरशा धुतात, टाक्या रिकाम्या होतात, फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) होतं, आणि त्या तासाभरात तिप्पट पाणी येतं. आपल्याला तो तास हवा.

छोट्या प्रवाहाला बादली आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं. मोठ्याला चेंबरच्या पाटात ९० अंशाची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला पत्रा, बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी साडेसात सेंटिमीटर चढलं तर प्रवाह सेकंदाला साधारण २.१ लिटर, म्हणजे ताशी साडेसात घनमीटर. पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास. ही उंची खाचेच्या अगदी तोंडाशी न मोजता जरा मागे, जिथे पाणी शांत आहे तिथे मोजा. वाचन वरून, झाकणाच्या बाहेर उभं राहून, लांब पट्टीने घ्यायचं. आत उतरायचं नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

निदान सात दिवस, दर तासाला. साप्ताहिक सुट्टीचा दिवसही त्यात आला पाहिजे. आठवड्याअखेर तुमच्या हातात एक वेडावाकडा आलेख असेल. त्यातली सगळ्यात खोल दरी म्हणजे तुमच्या जोडणीची वेळ.

पाण्यात काय आहे

इथे चुकलात तर नुसता पाइप खराब होत नाही, माणसं जातात. प्लेटिंग शॉपमध्ये सायनाइडचं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्याची लाईन वेगळी ठेवलेली असते. क्रोमचं आणि पिकलिंगचं, म्हणजे धातू आम्लात बुडवून साफ करण्याचं, पाणी आम्लधर्मी. ही दोन पाणी एकत्र आली तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. बायपास करताना, म्हणजे पाणी तात्पुरतं पंपाने दुसरीकडून नेताना, "आजच्या दिवस एकाच होजमधून काढू" असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. दोन प्रवाह, दोन पंप, दोन होज, दोन टाक्या. होजवर वेगळ्या रंगाची पट्टी गुंडाळा. हे काम ठेकेदाराच्या पोरांवर सोपवू नका, स्वतः उभे राहून करा.

बाकीचं त्यामानाने सोपं आहे. पीएच, तापमान, तेल, सॉल्व्हंट आहे का, तळाला गाळ किती, एवढं लॅबकडून घ्या. तापमान जिथे पाणी लाईनमध्ये पडतं तिथे मोजा. बॉयलरच्या ब्लोडाऊनचं (आतला गाळ काढायला मुद्दाम सोडलेलं) पाणी ईटीपीपर्यंत कोमट झालेलं असतं, पण पाइपच्या पहिल्या दहा मीटरला ते उकळतं मिळतं.

पाइप कोणता घ्यायचा

जुनी लाईन बहुधा स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीची) किंवा सिमेंटची असते. स्टोनवेअर स्वतः आम्लाला दाद देत नाही, त्याचे सिमेंटचे सांधे झिजतात. सिमेंट पाइपचं छत आतून खातं. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, वरच्या ओल्या भिंतीवर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, म्हणून तळ शाबूत आणि वरचा अर्धा भाग भुसभुशीत असं दिसतं. अॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप निघाला तर त्यावर ग्राइंडर अजिबात चालवू नका. धूळ फुप्फुसात बसते. ओला ठेवून सांध्यावर सोडवा.

बहुतेक इंजिनिअरिंग आणि प्लेटिंग कारखान्यांना जमिनीखाली एचडीपीई, म्हणजे जाड काळ्या प्लास्टिकचा पाइप, ठीक पडतो. पाण्याच्या लाईनसाठी आयएस (भारतीय मानक) ४९८४ आणि सांडपाण्यासाठी आयएस १४३३३, ऑर्डरवर हे नीट लिहा. ६० अंशांच्या वरचं पाणी सतत येणार असेल तर एचडीपीई नको. यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसीचा पाइप, ४५ अंशांच्या आत वापरायचा, आणि अॅसिटोनसारखं सॉल्व्हंट असेल तर त्याला हात लावू नका, तो मऊ पडतो. फार्माच्या गरम आणि मिश्र पाण्याला काचतंतूचा जीआरपी पाइप, आयएस १४४०२ चा, महाग असला तरी विचारात घ्या.

आता आकार. नवखा माणूस हमखास म्हणतो, "सहा इंचीच्या जागी आठ इंची टाकू, पुढे उपयोगी पडेल." नका टाकू. ढाळावर वाहणाऱ्या लाईनमध्ये पाण्याने गाळ सोबत न्यायचा असेल तर वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर हवा. वरच्या उदाहरणात गर्दीच्या तासालाही सेकंदाला २.१ लिटरच येतंय. १५० मिमीच्या पाइपला १०० ला १ असा ढाळ दिला तर एवढ्या पाण्यात तो वेग जेमतेम मिळतो. २०० ला १ दिला तर गाळ बसायला लागतो. आठ इंचीत पाणी आणखी पसरतं, आणखी मंदावतं. १०० ला १ म्हणजे ८० मीटरला ८० सेंटिमीटर उतार. तुमच्या चेंबरच्या मोजमापात तेवढी उंची मिळतेय का बघा. मिळत नसेल तर छोटा संप, म्हणजे पाणी गोळा करायची टाकी, करून पंपाने पाठवा. ओढूनताणून ढाळ बसवलेली लाईन वर्षभरात तुंबते.

पंपाने पाठवायचंच असेल तर माझं स्पष्ट मत आहे की लाईन जमिनीच्या वर, रॅकवरून न्या. गळती झाली की पहिल्या तासात कोणाला तरी दिसते. जमिनीखालची गळती शेजारच्या बोअरवेलचं पाणी पिवळं झाल्यावर कळते. फक्त एचडीपीई उन्हात वाढतो. दर मीटरला, दर अंशाला जवळजवळ ०.२ मिमी. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात काळा पाइप दुपारी हात लावू देत नाही. ५० मीटर पाइप आणि ३० अंशांचा फरक धरला तर ३०० मिमी, म्हणजे फूटभर. घट्ट क्लॅम्प मारलेत तर पाइप सापासारखा वळेल. मध्ये वळसा द्या, क्लॅम्प सरकते ठेवा, आधार जवळजवळ द्या.

काम चालू ठेवून बदलायची पद्धत

जागा असेल तर एकच पद्धत सांगेन. जुनी लाईन चालू राहू द्या, तिच्या शेजारून नवी पूर्ण टाका, तपासा, आणि मग पाणी वळवा. जुन्या पाइपच्या जागीच नवा टाकायचा हट्ट धरलात तर पूर्ण काळ बायपास पंपावर जगावं लागतं. जागा अजिबात नसेल, वर शेड किंवा मशीनचा पाया असेल, तर जुन्या पाइपच्या आतून थोडा लहान एचडीपीई ओढून घेता येतो किंवा रेझिनचं अस्तर आत फुगवून पक्कं करता येतं. दोन्हीला बायपास लागतोच आणि कामही अनुभवी एजन्सीचं आहे.

शेजारून टाकायच्या पद्धतीत सगळी करामत दोन टोकांना आहे. खालचं टोक सोपं. ईटीपीच्या कलेक्शन टाकीला जास्तीत जास्त पाणीपातळीच्या वर नवं भोक पाडा आणि नवी लाईन तिथे आणून ठेवा. जुनं तोंड तसंच चालू.

वरच्या टोकाला जुन्या चालू पाइपभोवतीच नवा चेंबर बांधायचा. दोन्ही बाजूंनी हाताने खोदून पाइप उघडा करा, त्याच्या खाली आणि दोन्ही अंगांना काँक्रीटचा तळ ओता, पाइपला धक्का न लावता भिंती वर आणा. नव्या लाईनचं तोंड भिंतीत बसवा. त्याचा तळ जुन्या पाइपच्या तळाच्या थोडा खालीच हवा, नाहीतर पाणी मागे साचेल. आतून आम्लरोधक अस्तर करून घ्या आणि ते पूर्ण वाळू द्या. एवढं होईपर्यंत पाणी जुन्या पाइपमधून या चेंबरच्या पोटातून, बंद नळीत वाहतच असतं. शेवटच्या दिवशी चेंबरवर स्लॅब नसतानाच, वरून मोकळं असताना, पाइपचा मधला तुकडा कापायचा. पाणी आपसूक नव्या तोंडाकडे वळतं. जुन्या तोंडाला बूच.

मधल्या फांद्या, म्हणजे बेसिन, फ्लोअर ड्रेन, छोटी मशीन, या आधी एकेक करून नव्या लाईनवर घ्या. प्रत्येकाला तासभर लागतो, तेवढ्यात त्याचं पाणी ड्रममध्ये धरता येतं. मोठा प्रवाह सगळ्यात शेवटी. या क्रमात फायदा असा की नव्या लाईनची खोट छोट्या पाण्यावरच कळते.

परवानग्या आणि हंगाम

आवाराच्या आत खोदत असाल तर कंपनीचा खोदाई परमिट पुरतो. रस्ता कापायचा असेल तर एमआयडीसीकडे, आणि रस्ता महापालिकेचा असेल तर तिकडे अर्ज. सांडपाण्याच्या मार्गात बदल होतोय हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, कार्यालय सातपूरला उद्योग भवनात आहे. कन्सेंटमध्ये, म्हणजे मंडळाच्या संमतिपत्रात, जो विसर्जनाचा मार्ग लिहिलाय तो बदलत असेल तर नुसतं पत्र पुरत नाही, सुधारणा करून घ्यावी लागते. बायपास करायचा म्हणजे प्रक्रिया न केलेलं पाणी बाहेर सोडायचा नव्हे. १९७४ च्या पाणी कायद्यात त्याला माफी नाही.

काम पावसाळ्याच्या आधी संपवा. वाइनरीत असाल, दिंडोरी किंवा विंचूरकडे, तर द्राक्षं गाळायच्या दिवसांत, जानेवारी ते मार्चमध्ये, लाईनला हात लावू नका. त्या वेळी पाणी जास्त, गोड आणि आंबट असतं. दिवाळीनंतरचे दिवस तुमचे.

खोदाई

आपल्या जमिनीचे दोन स्वभाव आहेत. वर काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. खाली मुरूम आणि मग काळा पाषाण, कुठे कुठे तर हातभर खोलीवर. खोदायला जेसीबीचा बकेट पुरेल की ब्रेकर लागेल, हे दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन आधी ठरवा. दर त्यावरच ठरतो आणि नंतरचे वाद टळतात. ब्रेकरने जुन्या स्टोनवेअरचे सांधे हादरतात, म्हणून जुन्या लाईनपासून जमेल तितकं लांब खोदा आणि ब्रेकर चालू असताना चेंबरमधला प्रवाह कमी झालाय का यावर डोळा ठेवा. कमी झाला म्हणजे जुनी लाईन फुटली.

महावितरणची केबल, पाण्याची लाईन, गॅसची पिवळी लाईन, इंटरनेटची फायबर, हे सगळं जमिनीत असतं. त्याच्या आसपास मशीन नको, हाताने खोदा.

दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर कडांना आधार द्या. काळी माती ओली असताना भिंत उभी दिसते आणि एकाएकी बसते. निघालेली माती चराच्या कडेपासून दीड मीटर तरी दूर टाका. शिडी चरात कायम लावलेली हवी.

पाइपखाली काळी माती राहू देऊ नका. ती काढून १५० मिमी जाडीचा चाळलेला मुरूम किंवा वाळू टाका. पाषाणात हे आणखी गरजेचं, कारण एक टोकदार दगड एचडीपीईला वर्षानुवर्षं टोचत राहतो. पाइप ओढत नेऊ नका, उचला. भिंतीच्या जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा खोल ओरखडा दिसला तर तो तुकडा कापून काढा. भराव १५०-२०० मिमीच्या थरांत दाबून घ्या, आणि पाइपच्या फूटभर वर धोक्याची पट्टी अंथरा. वरून ट्रक जाणार असेल तर किमान मीटरभर आवरण.

सांधे आणि चाचणी

एचडीपीईचं बट वेल्डिंग दिसायला सोपं आहे. टोकं एकसारखी तासून घ्यायची, २१० अंशांच्या आसपास तापलेल्या प्लेटवर वितळवायची, प्लेट काढून लगेच दाबायची. खरी परीक्षा त्यानंतर असते. क्लॅम्प थंड होईपर्यंत सोडायचा नाही. दुपारी कारागीर कंटाळतो, क्लॅम्प लवकर काढतो किंवा पाणी मारतो, आणि तो सांधा आतून कच्चा राहतो. पहिल्या दिवशी एक नमुना सांधा करायला लावा, पट्ट्या कापून वाकवून बघा. सांध्यावर चिरला तर मशीन किंवा हात, दोन्हींपैकी एक बदला. प्रत्येक सांध्यावर खडूने नंबर आणि वेळ लिहा. सांध्यावर धूळ उडत असेल किंवा वारा असेल तर आडोसा करा.

पंपाच्या लाईनला पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट चाचणी द्या. सुरुवातीला दाब खाली येतो, कारण एचडीपीई ताणला जातो. घाबरू नका, पुन्हा भरा, स्थिर होऊ द्या आणि मग घड्याळ लावा. हवेने चाचणी घेऊ नका, दाबाखालची हवा फुटली तर गोळीसारखी लागते. ढाळाच्या लाईनला खालून बूच लावा, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा आणि रात्रभर पातळीवर खूण करून ठेवा. भराव टाकण्याआधी. सांधे उघडे असतानाच.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

हा भाग दोनदा वाचा.

सांडपाण्याच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. तो हवेपेक्षा जड आहे, तळाशी बसतो. कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोकांना वाटतं की वास गेला म्हणजे वायू गेला. उलट आहे. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि तोच आकडा जिवाला तत्काळ धोक्याचा आहे. गाळ ढवळला की साठलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे उतरताना ठीक असलेली हवा दोन मिनिटांत बदलते.

आधी असाच विचार करा की उतरायची गरजच कशी पडणार नाही. बूच लांब दांड्याने वरून लावता येतं, फुगवायचं बूच दोरीने सोडता येतं, गाळ टँकरच्या व्हॅक्यूमने ओढता येतो, पाहणीला दोरीवरचा कॅमेरा मिळतो. सार्वजनिक गटारं आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक साफसफाईला माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कारखान्यातल्या अशा जागांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणून जबाबदारी तुमच्यावरून सरकत नाही.

पाइप कापायच्या दिवशी नव्या, उघड्या चेंबरमध्ये माणूस जाणारच असेल तर परमिट लिहून, चार वायूंच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाला वाचन घेऊन. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आणि २३.५ च्या खाली, ज्वलनशील वायू स्फोटक मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत. सायनाइडची लाईन असेल तर त्याचा वेगळा मीटर, नेहमीचा चार वायूंचा तो ओळखत नाही. ब्लोअर चालू, हार्नेस, तिवई, वर उभा असलेला आणि दुसरं काहीही न करणारा एक माणूस. हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. मीटर खिशाला लावूनच आत.

आणि ज्याने उतरायचं त्याला, वरच्याला, आजूबाजूच्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा : आतला पडला तर मागे उडी मारायची नाही. दोरीने ओढायचं. एकाला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा, असे सख्खे भाऊ एकाच चेंबरमध्ये गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. उभ्या असलेल्या माणसाकडून तुम्ही हे आधी वदवून घेतलं नसेल, तर त्या क्षणी तो उडी मारणारच. माणूस तसाच असतो.

जोडणीचा दिवस

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आलेखातल्या दरीत. काम चार तासांचं वाटत असेल तर आठ तासांची सोय करा. सरासरी अडीच घनमीटरने आठ तासांचे २० घनमीटर. तेवढी रिकामी जागा आदल्या रात्रीपासून हवी. कारखान्याच्या बाजूला सगळ्यात वरच्या चेंबरवर बायपास पंप, आणि तिथून होज थेट ईटीपीच्या टाकीत. पंप ताशी साडेसात घनमीटर म्हणजे गर्दीच्या तासाचं पाणी पेलणारा हवा, आणि तेवढ्याच ताकदीचा दुसरा पंप शेजारी जोडून तयार. एक विजेवर, एक डिझेलवर. दोन्ही आदल्या दिवशी तासभर चालवून बघा. "चालतो" हे शब्द ऐकून घेऊ नका. होज रस्ता ओलांडत असेल तर वर रॅम्प टाका आणि फोर्कलिफ्टवाल्याला सांगा. होजचे सांधे जिथे आहेत तिथे खाली ट्रे.

पावसाच्या गटाराची जवळची जाळी वाळूच्या पिशव्यांनी बंद करा. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

शिफ्ट इनचार्ज, कँटीन आणि बॉयलरवाले यांना आदल्या दिवशी आणि सकाळी, दोनदा सांगा. फिल्टर बॅकवॉश, टाकी रिकामी करणं, फरशी धुणं, सगळं बंद. बॉयलरच्या दादांना शक्य असेल तर ब्लोडाऊन पहाटेच उरकायला सांगा. बायपास चालू करा, वरच्या चेंबरला बूच लावा, अर्धा तास नुसतं बघा. पातळी स्थिर राहिली तरच पुढे. मग जुन्या पाइपमधलं उरलेलं पाणी वाहून जाऊ द्या, वायूचं वाचन घ्या, पाइप कापा, तुकडा उचला, कडा घासा, जुन्या खालच्या तोंडाला बूच पक्कं करा. नव्या लाईनमध्ये आधी स्वच्छ पाणी सोडा. ईटीपीच्या टोकाला ते आलं असा फोन आला की वरचं बूच हळूहळू, एकदम नाही, सैल करा. बायपास लगेच गुंडाळू नका. पुढच्या दिवसाचा गर्दीचा तास निघेपर्यंत तो जागेवर राहू द्या.

नव्या लाईनवर मॅग्नेटिक फ्लोमीटर असेल तर त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी हवी आणि पाइप पूर्ण भरलेला हवा. अर्ध्या भरलेल्या पाइपवर बसवलेला मीटर चुकीचाच आकडा दाखवतो, आणि मग ते खुलासे महिनोन्महिने चालतात.

जुनी लाईन

पंधरा दिवस तशीच ठेवा, बूच लावून. राहून गेलेली एखादी जोडणी याच दिवसांत समोर येते. रोज वरच्या चेंबरमध्ये झाकण उघडून बघा, पाणी दिसलं तर रंग टाकून शोधा. नंतर ती धुवून घ्या, धुण्याचं पाणी ईटीपीतच. आतला गाळ, विशेषतः प्लेटिंगचा, घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो ९० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी, फॉर्म १०, म्हणजे कचरा वाहतुकीचा नोंदपत्रक, भरून पाठवायचा. माती पिवळी किंवा हिरवट निघाली तर तिचाही नमुना द्या, भरावात पुन्हा टाकू नका. रिकामा पाइप जमिनीत तसाच सोडला तर तो पावसाळ्यात आजूबाजूचं दूषित पाणी गोळा करून भलतीकडे नेतो, म्हणून पातळ सिमेंटची लापशी भरून बंद करा.

त्याच आठवड्यात नवं ड्रॉइंग काढा. प्रत्येक चेंबरचा नंबर, तळाची पातळी, प्रत्येक जोडणी, सांध्यांची जागा, सगळं. भिंतीवरच्या दोन पक्क्या खुणांपासून अंतर लिहा, झाडापासून नको.

आणि पहिला मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन आवाराच्या कोपऱ्यावर जा, जिथून पावसाचं गटार बाहेर पडतं. एका बाटलीत पाणी घ्या, पीएचची पट्टी बुडवा, क्रोमची लाईन असेल तर बाटली लॅबमध्ये पोचवा. पट्टी सातच्या आसपास राहिली आणि लॅबने क्रोम नाही म्हणून सांगितलं, की ड्रॉइंगवर तारीख घालून सही करा.